तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा पाऊस, मग भूजल कशाला शिकायचं?

प्रवेशाचे दिवस आले की पालकांचा प्रश्न ठरलेला: "सर, गोव्यात 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. मुलीने भूजलात एमएस्सी करून करायचं काय?" त्याला जोडूनच दुसरा: "आमच्या गावचा पाणाडी तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवतो, पाणी लागतंही. मग दोन वर्षं शिकवता काय?" एकदा सविस्तर सांगतो.

नारळाचं आधी. पठाराच्या पायथ्याशी, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठी, कुळागरात म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत कुठेही खणा, पाणी लागणारच. तिथे भूजल उथळच असतं. पाणी आहे का, हा आमचा प्रश्न नाही. मे अखेरीस ते किती उरेल, रोज किती उपसता येईल, त्यामुळे शेजाऱ्याची विहीर किती उतरेल, हे आमचे प्रश्न.

आता पाऊस. आपला तांबडा दगड, जांभा, सच्छिद्र. तो पाणी झपाट्याने पितो आणि खालच्या चिकणमातीवरून झरींवाटे तेवढ्याच घाईने सोडून देतो. पातळी 1 मीटर चढली म्हणजे हेक्टरी 10,000 घनमीटर जांभा भिजला. पण त्यातून निथळून हाती येणारं पाणी अडीच टक्के धरलं, तर ते भरतं 250 घनमीटर. चवथीला तुडुंब असलेली विहीर शिमग्यापर्यंत तळ का दाखवते, ते इथे कळतं.

खरं शिक्षण होतं उपसा चाचणीत: पंप चालवून विहिरीची पातळी किती उतरते ते मोजायचं आणि त्यावरून जमिनीतून पाणी किती मिळेल याचा आकडा काढायचा. आदल्या रात्रीपासून पंप बंद, शेजाऱ्यांचेही, म्हणजे पातळी स्थिरावते. कठड्यावर रंगाने एक खूण करायची आणि प्रत्येक माप तिथूनच घ्यायचं. पंप सुरू झाला की पहिली 10 मिनिटं दर मिनिटाला नोंद, मग 2, 5, 10, 30 मिनिटांनी. पाणी किती निघतं ते 200 लिटरच्या पिंपाने आणि स्टॉपवॉचने तपासत राहायचं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की पंप कमी ओढतो, म्हणून उपसा एकसारखा राहावा यासाठी व्हॉल्व्ह सुरुवातीला थोडा मिटूनच ठेवायचा आणि नंतर उघडत न्यायचा. उपसलेलं पाणी पाइपने लांब न्यायचं. जवळच सोडलं तर ते जांभ्यातून परत विहिरीत येतं आणि सगळी चाचणी वाया जाते. पंप थांबवल्यावर पातळी चढताना पुन्हा याच क्रमाने नोंदी.

एवढं सगळं नीट केलं तरी आकडा चुकतो, आणि तो का चुकतो ते समजणं हाच या अभ्यासाचा गाभा. नोंदींवरून हा आकडा काढायचं थाइस या भूजलतज्ज्ञांचं 1935चं सूत्र विहिरीचा व्यास नगण्य धरतं. आपल्या विहिरीचा व्यास सहज 3 मीटर. तिचं क्षेत्रफळ सुमारे 7 चौरस मीटर, म्हणजे पातळी 1 मीटर उतरली की विहिरीत आधीच साठलेलं 7 घनमीटर पाणी बाहेर आलं. पंप तासाला 18 घनमीटर ओढतो असं धरा. 20 मिनिटांत 6 घनमीटर उपसलं आणि पातळी 70 सेंटिमीटर उतरली, तर त्यातलं जवळपास 5 घनमीटर विहिरीच्या पोटातलं. जलधराने, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थराने, दिलं जेमतेम 1. नोंदी मात्र दोघांच्या मिसळून झालेल्या. आलेखावर ज्या भागातून रेषा ओढाल तसा निकाल बदलतो.

हा परिणाम कधी ओसरतो? विहिरीच्या त्रिज्येच्या वर्गाची 25 पट घ्यायची आणि जलधराच्या वहनक्षमतेने, म्हणजे त्या थरातून पाणी किती सहज वाहतं त्याच्या मापाने, भागायचं. वहनक्षमता दिवसाला 50 चौरस मीटर असेल, तर उत्तर 27 तास. दोन तास पंप चालवून अहवाल लिहिणाऱ्यांचा मला राग येतो तो म्हणूनच. पण 27 तास याच वेगाने उपसलं तर पातळी 5 मीटरहून जास्त उतरेल, आणि मे महिन्यात बऱ्याच विहिरींत तेवढं पाणी उभंच नसतं. मग उपसा कमी ठेवायचा, किंवा मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांनी 1967मध्ये दिलेले आलेख वापरायचे.

डिचोलीतले खाणींचे खड्डे भूजल पातळीच्या खाली गेले होते. 2012मध्ये खाणी थांबल्यावर त्यांत पाणी साचलं. हे पाणी उपसलं तर आसपासच्या विहिरी किती उतरतील, हे सांगायला उपशाआधीच्या नोंदी हव्यात, आणि त्यांवर विश्वास ठेवावा की नाही हे ओळखणारी माणसं हवीत. पाऊस जास्त म्हणून हे काम टळत नाही.

नोकऱ्या? भरपूर आहेत असं म्हणणार नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या जागा यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भरतात. जागा थोड्या, स्पर्धा देशभराची. पदवीच्या जोरावर लगेच घर चालवायचं असेल, तर आधी नीट विचार करा.

पूर्वी मी सगळ्यांना सांगत असे, आधी गणित आणि मॉडेलिंग पक्कं करा, विहिरी नंतर. हल्ली उलट सांगतो. तरी गणित कच्चं असलेला विद्यार्थी रात्रभर जागून आणलेल्या उत्तम नोंदी भलत्याच सूत्रात घालतो, तेव्हा माझं जुनं म्हणणंच बरोबर वाटायला लागतं. दोन वर्षांत दोन्ही पुरेसं मावत नाही. कशाला कात्री लावावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.