आजची सीएमई
रविवारची ओपीडी बंद ठेवून आज पुण्याला सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या प्रशिक्षण सत्राला, गेले होते. विषय होता औषधांना दाद न देणारा स्तनाचा कर्करोग. हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या चालू असतानाच काही जणींच्या गाठीत ईएसआर१ जनुकात बदल होतो आणि गाठ इस्ट्रोजेनशिवायही वाढू शकते. हा बदल आता रक्ताच्या नमुन्यातूनही कळतो!

२०२२ च्या डेस्टिनी-ब्रेस्ट०४ अभ्यासानंतर 'हर२ लो', म्हणजे गाठीत हर२ हे प्रथिन कमी प्रमाणात असलेल्या, पेशंटनाही ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान हे औषध देता येऊ लागलं. पण त्या औषधावर असताना साधा खोकलाही अंगावर काढू द्यायचा नाही, फुप्फुसाला सूज असू शकते. हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. खोकला घेऊन बाई आधी माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरकडेच येणार ना.

परतताना एसटीत स्तनाच्या कर्करोगाच्या माझ्या एक पेशंट मावशी आठवत राहिल्या. आजार उलटला तेव्हा गाठ बदलली आहे का ते बघायला पुन्हा बायोप्सी करायला सांगावं, हे मला सुचलंच नव्हतं. उद्या त्यांच्या मुलीला फोन करतेय, तिची तपासणी राहिली आहे.