तुम्ही विचारलंत म्हणून: "ताई, ते डिलीट करता येईल का?"

हा फोन बहुतेक वेळा रात्री येतो. दुकान बंद करून, जेवून माणूस मोबाईल हातात घेतो आणि तेव्हा त्याला कळतं की दुपारीच कुणीतरी आपल्याबद्दल व्हिडिओ टाकलाय, खाली कमेंटांचा ढीग पडलाय आणि मेव्हण्याने तो "हे तुमचंच ना?" असं विचारत फॅमिली ग्रुपवरही टाकून झालाय. मी छोट्या धंद्यांची पेजेस सांभाळते, मिठाईवाले, साडीवाले, कोकणातले होमस्टे, एकदोन क्लासेस, म्हणून फोन मला. आणि पहिला प्रश्न ठरलेला, ताई, ते डिलीट करता येईल का?

एकदाच नीट लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच पाठवेन.

तुमच्या पेजवरची कमेंट तुम्ही उडवू शकता. दुसऱ्याने स्वतःच्या अकाउंटवर टाकलेलं नाही उडवू शकत. गूगलवरचा रिव्ह्यू तर तुम्हाला काढताच येत नाही, फक्त रिपोर्ट करता येतो, आणि त्यात शिवीगाळ असेल, तो खोटा किंवा भलत्याच विषयावरचा असेल तरच गूगल काढतं. "मिसळीला तर्रीच नव्हती" हे मत झालं, ते राहणार. पैसे घेऊन रिव्ह्यू काढून देतो असे फोन येतात ना, ते सरळ ब्लॉक करा. आणि जे उडवता येतं तेही उडवू नका (शिव्या किंवा कुणाचा नंबर असेल तर वेगळं), कारण ज्याची कमेंट गेली त्याच्याकडे स्क्रीनशॉट असतो आणि आधी त्याची एक तक्रार होती, आता दोन होतात.

पण मला विचाराल तर पोस्ट कुठवर पसरली ह्याच्यावर फार काही ठरत नाही. उत्तर कोण देतंय आणि त्या उत्तर देणाऱ्याच्या हातात काय आहे, ह्याच्यावर ठरतं. आपल्याकडे पेज असतं भाच्याकडे, नाहीतर एजन्सीतल्या नवीन लागलेल्या पोराकडे, महिन्याला इतक्या पोस्ट आणि इतकी रील असं पॅकेज. गिऱ्हाईक तिथे येऊन विचारतं की तुमची साडी पहिल्याच धुण्यात रंग सोडतेय, पैसे परत देणार का. आता त्या पोराला रिफंडचा अधिकार नाही, साडी कुठल्या लॉटमधली ते त्याला माहीत नाही, शेठना विचारायची हिंमत नाही, मग तो लिहितो "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया इनबॉक्स करा". आणि इनबॉक्समध्येही तोच बसलेला! गिऱ्हाईक दोन दिवस वाट बघतं आणि मग व्हिडिओ करतं. ज्याला तुम्ही सोशल मीडियाचा प्रॉब्लेम म्हणता तो काउंटरवर तयार झालेला असतो, मोबाईलवर फक्त दिसतो.

एकाच कंपनीच्या घरातली, वीस वर्षांच्या अंतराने घडलेली दोन उदाहरणं सांगते. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, आपल्या महाराष्ट्राच्या एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला, कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. तेव्हा फेसबुकही नव्हतं, पेपर आणि टीव्ही एवढंच, तरी घराघरात तोच विषय. कंपनीचं सुरुवातीचं म्हणणं की आमचा माल चांगलाच बाहेर पडतो, दुकानदार नीट ठेवत नाहीत. एफडीएने विचारलं की मग तुमच्या पॅकिंगचं काय. आणि लोकांना तर दुकानदाराशी घेणंदेणंच नव्हतं, त्यांनी चॉकलेट कॅडबरीचं घेतलं होतं. विक्री पडली. मग कंपनीने 'प्रोजेक्ट विश्वास' काढला, दुकानादुकानात माल कसा ठेवतात ते तपासायला आणि शिकवायला माणसं पाठवली, २००४ च्या सुरुवातीला नवीन, जास्त घट्ट सीलबंद पॅकिंग आणलं, आणि ते पॅकिंग हातात असताना अमिताभला टीव्हीवर उभं केलं. लोकांना अमिताभ आठवतो, पण मला विचाराल तर काम पॅकिंगने केलं. जुन्याच कागदात गुंडाळून अमिताभने कितीही सांगितलं असतं तरी पुढची अळी निघाली की संपलं होतं.

आता २०२३. कंपनीचं नाव बदलून माँडेलीझ झालेलं, प्रॉडक्ट बोर्नव्हिटा. रेवंत हिमतसिंगका ह्या इन्फ्लुएन्सरने एप्रिलमध्ये व्हिडिओ टाकला की ह्यात साखर किती आहे बघा. कंपनीने वकिलाची नोटीस पाठवली, त्याने माफी मागून व्हिडिओ काढला. म्हणजे बघा, डिलीट झालं! तुम्हाला हवं तेच झालं की नाही? पण नोटिशीची बातमी झाली, ज्यांनी व्हिडिओ पाहिला नव्हता त्यांनी शोधून पाहिला, राष्ट्रीय बालहक्क आयोगाने कंपनीलाच विचारणा केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बातमी आली की बोर्नव्हिटातली घातलेली साखर सुमारे १४ टक्क्यांनी कमी केली. पुढे २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका. वकील वाईट असतात असं मी म्हणत नाहीये, माझा सख्खा काका वकील आहे. पण वकिलाच्या हातात नोटीस काढणं असतं, साखर कमी करणं नसतं, आणि लोक साखरेबद्दल विचारत होते.

मॅगीचं काहीजण उलट उदाहरण देतात, की बघा नेस्ले शेवटी जिंकली. जिंकली, खरंय. बाराबंकीला घेतलेल्या सॅम्पलमध्ये शिसं मर्यादेपेक्षा जास्त निघाल्याचा रिपोर्ट आला, ५ जून २०१५ ला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, बंदी घातली, आणि १३ ऑगस्टला मुंबई हायकोर्टाने ती बंदी रद्द करून मान्यताप्राप्त लॅबमध्ये नव्याने तपासणी करायला सांगितलं, ती पास झाली आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत दुकानात. पण मे महिन्याचे ते दिवस आठवा. कंपनी सांगत होती आमच्या तपासण्यांमध्ये सगळं ठीक आहे, आणि आया विचारत होत्या की घरात पडलेली चार पाकिटं पोरांना देऊ का टाकून देऊ. ह्या प्रश्नाचं उत्तर लॅबच्या आकड्यात नव्हतं. बरोबर असणं कोर्टात कामाला आलं, पण तोवर हजारो टन मॅगी नष्ट करून झाली होती.

मग काय, मालकाने स्वतःच उत्तर द्यायचं म्हणजे झालं? तेही नाही हो. ओलाच्या भाविश अगरवालांपेक्षा मोठा अधिकार ओलात कुणाला असणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉमेडियन कुणाल कामराने सर्व्हिस सेंटरबाहेर धूळ खात उभ्या असलेल्या स्कूटरींचा फोटो टाकला, तर ह्यांनी रिपेअरिंगचं एका ओळीत उरकून त्याची कॉमेडी चालत नाही, पैसे घेऊन ट्विट करतो असलं काढलं. रविवारी हे भांडण आणि सोमवारी शेअर धाडकन खाली, शिवाय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीस, हेल्पलाइनवर आलेल्या दहा हजारांहून जास्त तक्रारींवरून. ज्यांच्या स्कूटरी अडकल्या होत्या ते गप्प बसून सगळं वाचत होते, त्यांना कामरा आवडतो का नाही हा प्रश्नच नव्हता.

त्याच्या उलट त्याच वर्षी मार्चमध्ये झोमॅटो. शुद्ध शाकाहारी लोकांसाठी वेगळी डिलिव्हरी, हिरवा ड्रेस, अशी घोषणा झाली आणि लगेच बोंब झाली, कारण उद्या सोसायटीवाले म्हणतील लाल ड्रेसवाला म्हणजे मांसाहारी, त्याला आत सोडू नका, आणि त्रास कुणाला तर त्या पोरांना आणि भाड्याने राहणाऱ्यांना. दीपिंदर गोयलनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं की ड्रेस सगळ्यांचा लालच राहील. मूळ कल्पना मला आजही पटलेली नाही, पण तिथे मालक बोलला आणि त्या बोलण्याबरोबर ड्रेस बदलला. ब्रिटनमध्ये २०१८ च्या फेब्रुवारीत केएफसीचं चिकन संपलं, डिलिव्हरीची कंपनी बदलल्यामुळे, आणि नऊशेच्या आसपास दुकानांपैकी निम्म्याहून जास्त बंद पडली. त्यांची ती जाहिरात सगळे दाखवतात, बादलीवरची तीन अक्षरं उलटीपालटी करून स्वतःलाच शिवी दिलेली. मस्तच होती. पण आज कुठलं दुकान उघडं आहे हेही ते लोकांना सांगत होते, ते कुणी सांगत नाही.

आता तुमच्या दुकानाकडे येते. रात्री साडेदहाला व्हिडिओ दिसला तर आधी पुढच्या ठरवून ठेवलेल्या पोस्ट बंद करा, कारण सकाळी आठला आपोआप "शुभ सकाळ, आज बासुंदीवर दहा टक्के सूट" गेलं की लोक चवताळतात, आणि हे नेहमी होतं. मग एजन्सीला नाही, ज्याच्यासमोर ते घडलं त्या कामगाराला फोन करा, आणि ओरडू नका, नाहीतर तो खोटं सांगेल आणि ते खोटं तुम्ही सकाळी पोस्ट कराल. त्यानंतर चार ओळी लिहा. साधारण अशा: "काल संध्याकाळी आमच्या दुकानातून घेतलेल्या पेढ्यांबद्दलचा व्हिडिओ आम्ही पाहिला. काल सकाळी बनवलेले सगळे पेढे विक्रीतून काढले आहेत. ज्यांनी काल पेढे घेतले त्यांनी बिल नसलं तरी परत आणावेत, पैसे मिळतील. नेमकं काय झालं ते बघून उद्या दुपारी चारपर्यंत इथेच लिहितो." खाली मालकाचं नाव. ह्यात दिलगिरी हा शब्दसुद्धा नाही, चालतं. माल बाजूला काढला, पैसे कुठे मिळतील सांगितलं, परत कधी बोलणार ते सांगितलं. मात्र चार म्हणजे चार, काही कळलेलं नसलं तरी चारला तेवढंच लिहायचं. आणि पेढे खरंच बाजूला काढलेले पाहिजेत, नाहीतर लिहूच नका.

उत्तर जिथे तक्रार आहे तिथे द्या आणि तेच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जाईल असं करा, कारण आपल्या गावात बदनामी इन्स्टावर नाही, तिथे होते. ओळखीच्या पाचपन्नास लोकांना "छान रिव्ह्यू टाक रे" म्हणून सांगू नका. एका रात्रीत पंचवीस जणांनी "अप्रतिम चव, आपुलकीची सेवा" लिहिलेलं कुणालाही कळतं, आणि खोटे रिव्ह्यू रोखायला भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये मानकच काढलंय. कधीकधी गर्दी चुकीच्या दारातही जाते बरं का. २०१९ मध्ये सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीवर चिडलेल्या लोकांनी प्ले स्टोअरवर मायक्रोसॉफ्ट एक्सेलला एक-एक स्टार दिले होते! तुमच्या नावासारखं दुसरं दुकान असेल तर हे ध्यानात ठेवा, आणि वैतागून उत्तर देऊ नका, हसून पत्ता सांगा.

हे सगळं एरवी पेज कसं चालवता त्याच्यावर अवलंबून आहे. पेजवर फक्त गुढीपाडवा, दसरा, दिवाळीच्या शुभेच्छा आणि त्यात देवापेक्षा मोठा मालकांचा फोटो असेल तर संकटाच्या दिवशी तिथे बोलायला कुणी ओळखीचं नसतं. कंटाळवाणं वाटलं तरी उपयोगाचं टाका. आज दुपारी बंद आहे, मोदकांची ऑर्डर अमुक तारखेपर्यंतच, होमस्टेला यायचा शेवटचा रस्ता कच्चा आहे, छोटी गाडी जपून आणा, खोलीत एसी नाही पंखा आहे. हे शेवटचं लिहायला मालवणकडचे एक होमस्टेवाले काका तयारच नव्हते, गिऱ्हाईक जाईल म्हणून. गेली थोडी गिऱ्हाईकं, पण मे महिन्यात घामाघूम होऊन भांडणारी बंद झाली. मुंबई पोलिसांचे विनोद सगळे शेअर करतात, पण त्यांचं रोजचं काम बघा, तक्रार करणाऱ्याला फॉलो करायचं, डीएममध्ये माहिती मागायची, पुढे पाठवायचं. ते होतं म्हणून विनोद चालतात, ते न करता नुसते विनोद केले असते तर लोकांनी सोलून काढलं असतं.

पेजच्या पोराला थोडे तरी पैसे परत द्यायचा अधिकार द्या. हजार रुपयांपर्यंत न विचारता परत कर, त्याच्या वर मला फोन, एवढं साधं. बरेचसे व्हिडिओ तिथेच मरतात. आणि पासवर्ड स्वतःकडेही ठेवा, पेजचे ॲडमिन तुम्ही आणि घरातलं अजून एक माणूस, कारण एजन्सीशी बिलावरून वाजलं की नेमकं त्याच आठवड्यात काहीतरी होतं.

हल्ली अजून एक प्रश्न येतो, फुकट जेवण मागणाऱ्या फूड ब्लॉगरांचा. सहा जण येतात, जेवतात, बिल दिलं की म्हणतात आमचे इतके फॉलोअर आहेत, बघा हं. नम्रपणे पूर्ण बिल घ्या. जेवायला बोलावलंच असेल तर व्हिडिओवर तसं लिहा म्हणावं, जाहिरातीच्या नियमांप्रमाणे ते लिहावंच लागतं. आणि पैसे द्या नाहीतर वाईट रील टाकतो असं कुणी म्हणालं तर फोनवर बोलू नका, मेसेजवर बोला, सगळं सेव्ह करा आणि सायबर पोलिसांकडे जा, कारण ही खंडणी झाली. तिथे तुमच्या वकिलांचा नंबर जरूर काढा.