आधी गुरुजींना विचारा, मग ब्लाउज शिवा

रविवार, रात्री

लेकीचं लग्न वैशाखात, दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर. पुण्यातलं ऊन, वर होमाचा धूर आणि अंगावर जरीचं रेशीम. मुहूर्त काढणाऱ्याला शालू नेसावा लागत नाही, एवढंच म्हणते.

तिच्या मोबाईलमध्ये नवऱ्यामुलींच्या फोटोंचा आख्खा कप्पा आहे. आज दुपारी तिच्याशेजारी बसून सगळे पाहिले. फोटो सुंदर, वादच नाही. पण प्रत्येक मुलगी एक तर उभी, नाहीतर जिन्यावर घेर पसरून बसलेली. पाटावर मांडी घालून, धुराने चुरचुरणारे डोळे टिपत बसलेली एकही नाही. आणि आपल्याकडच्या लग्नात मुलीचा बहुतेक वेळ पाटावरच जातो. गौरीहरापाशी बसायचं, कन्यादानाला बसायचं, होमाला बसायचं, आणि हे सगळं उपाशीपोटी. उभं राहणं मुख्यतः अंतरपाटापुरतं आणि सप्तपदीपुरतं.

म्हणून साडीच्या दुकानाआधी गुरुजींना फोन लावला. त्यांच्याकडून विधींचा क्रम वहीत उतरवून घेतला आणि प्रत्येक विधीसमोर लिहिलं, बसून की उभ्याने, अग्नीजवळ की लांब. गुरुजींना आधी गंमत वाटली. मग म्हणाले, "ताई, कपड्यांतलं मला कळत नाही. पण गाठ बांधायला शेला आणि उपरणं सुती किंवा रेशमी द्या. हल्ली इतकं गुळगुळीत कापड हातात देतात की सप्तपदीत गाठ सुटते आणि करवली पिना शोधत फिरते."

हे कुठल्याही फोटोत दिसलं नसतं. तिला आवडलेला शेला नेमका तसलाच होता, पातळ, चमचमता, टोकांना जड लटकन लावलेला. तो रिसेप्शनला घेऊ म्हटलं. शिवाय नायलॉनच्या जाळीवर ठिणगी पडली तर ती वितळते आणि कातडीला चिकटते. रेशीम सहसा भडकत नाही. लाजाहोमात हात अग्नीवर धरायचे असतात, तेव्हा खांद्यावर काय आहे याचा विचार नको?

मंगळवार

पिवळी साडी मामाकडून. दादाने आधीच बजावलंय, "रंग तुम्ही सांगा, पैसे मी देणार, मध्ये कुणी पडायचं नाही." गौरीहर पुजताना आणि अंतरपाटापर्यंत हीच अष्टपुत्री. हलकी, मऊ, बारीक काठाची घ्यायची असं ठरलं. सकाळी नेसलेली साडी मंगलाष्टकं होईपर्यंत अंगावर असणार, तिथे हट्टाने जड जर घेण्यात काय अर्थ आहे!

नऊवारीवरून मात्र घरात जुंपली. तिला शिवलेली हवी होती, मला नेसलेली. चापूनचोपून नेसलेल्या नऊवारीची चाल वेगळीच असते असं माझं मत होतं, अजूनही आहे. पण आईनेच तिची बाजू घेतली. "आम्ही रोज नेसायचो म्हणून ती अंगावर राहायची. ही पोर जन्मात पहिल्यांदा काष्टा घालणार, तोही आठशे माणसांसमोर." आईपुढे कोण बोलणार?

तर शिवलेली. पण माप देताना तिला दुकानातल्या फरशीवर मांडी घालून बसायला लावलं. उभी असताना सुरेख बसलेला काष्टा खाली बसल्यावर गुडघ्याशी ताणला गेला आणि मागची किनार पोटरीवर चढली. शिवणाऱ्या बाईंनी तिथल्या तिथे उसवून मागे दीड इंच वाढवला. मग तिला नमस्काराला वाकायला लावलं, दोनदा उठवलं-बसवलं. दुकानातल्या बाकीच्या मुली टकामका बघत होत्या. त्यातल्या एकीच्या आईने हळूच विचारलं, "आम्हीही बसवून बघू का हिला?"

शुक्रवार

येवल्याला जाऊन आलो. पैठणी लक्ष्मी रोडवरही मिळते, पण मला माग पाहायचा होता. नाव पैठणचं असलं तरी आज बहुतेक माग येवल्यातच आहेत. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातही पैठण आणि येवला दोन्ही आहेत.

विणकराने पदराचा मोर विणताना दाखवला. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी, पदरावर अशा कितीतरी लोंबत असतात. मोराची मान निळ्या धाग्याने भरायची, जिथे निळा संपतो तिथे तो शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवायचा आणि मागे फिरायचं. म्हणून हातमागाच्या पदराला उलटी बाजू अशी नसतेच, मागूनही मोर तितकाच स्वच्छ दिसतो. नकलीच्या मागे सुट्या धाग्यांचं जंजाळ असतं, नाहीतर ते कापल्याच्या खुणा. ओळखायला यापेक्षा सोपं काही नाही, तरी लोक पुढूनच बघून हजारो रुपये देतात. साध्या बुट्टीची साडी महिन्याभरात मागावरून उतरते, भरगच्च पदराची वर्षही खाते. किमतीतला फरक तिथेच आहे.

लेकीने जांभळी निवडली, मुनियाच्या म्हणजे पोपटांच्या काठाची, धूपछाँव. तिरकी धरली की काठाजवळ लालसर झाक मारते. मला हिरवी आवडली होती. पण नेसणार ती, आणि निदान आठ महिन्यांत माळ्यावर टाकणार नाही अशी तरी तिच्या आवडीची असावी. ही मुहूर्ताला नाही, संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला. कार्यालयातल्या घामात आणि अक्षतांच्या कुंकवात ती मी जाऊ देणार नाही.

ब्लाउजला खण घेतला, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. पाठीवर भरतकामाने नवरा-नवरीची वरात काढायची टूम निघाली आहे, ती नको म्हणून मी स्पष्ट सांगितलं. पुन्हा कधी घालणार ते?

सोमवार

दागिन्यांचा दिवस. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेल्यावर नवं फार करायचं नाही हे आधीच ठरलं होतं. सराफाने सुचवलं की आजीची मोहनमाळ मोडा, नवी फॅशन घ्या. मोडीत घट जाणार, वर घडणावळ आणि कर. मी ती पर्समध्ये परत ठेवली आणि तशीच पटवेकऱ्याकडे गेले. त्याने मोहनमाळ नव्याने ओवायला घेतली आणि तन्मणीचं खोड, म्हणजे मधलं पदक, पुसून म्हणाला, "खोड चांगलं आहे, सर नवे घालू." चिंचपेटीचा एक मोती पिवळा पडलाय, तो तसाच राहू दे म्हटलं. तो काढला तर बाकीचेच जुने दिसायला लागतील.

त्यानेच सांगितलेली गोष्ट मेकअपवालीला कळवायची आहे. मोती सगळ्यात शेवटी घालायचे. अत्तर, केसांचा स्प्रे, पावडर सगळं आटोपल्यावर. मोत्याचं पाणी अशानेच जातं. नाक टोचलेलं नाही, त्यामुळे नथ दाबाची. घरी चढवून बघितली तर बोलताना ओठावर येत होती. दोन दिवस घरात घालून वावर म्हटलं. आता भाजी चिरताना, फोनवर बोलताना नथ, आणि तिचा बाप तिला "पेशवीणबाई" म्हणून हाक मारतोय.

एकच नवी वस्तू घेतली, मंगळसूत्राच्या वाट्या. सहा आकडी-अक्षरी हॉलमार्क क्रमांक त्यांच्यावर कोरलेला आहे ना हे बघून घेतलं. 2023 पासून, काही अपवाद सोडले तर, त्याशिवाय सोन्याचा दागिना विकता येत नाही.

गुरुवार

जावईबापूंचं प्रकरण पाच मिनिटांत मिटलं. विधींना सोवळं आणि उपरणं, संध्याकाळी शेरवानी. पुणेरी पगडी की फेटा एवढाच प्रश्न होता. पगडी त्यांच्या डोक्यावर कानापर्यंत उतरली, सगळे हसले, फेटा ठरला. फेटा बांधीव, टोपीसारखा तयार नको, आणि सुती. वऱ्हाडातल्या पुरुषांचेही सुतीच. मे महिन्यात डोक्यावर बांधणीचं कृत्रिम कापड गुंडाळून कुणाला तरी घेरी यायची.

सगळ्या बायकांनी फिक्या रंगात यावं असा निरोप धाकटीने लिहून ठेवला होता, तो मी पाठवू दिला नाही. माझ्या आत्यांच्या, मावश्यांच्या कपाटात गर्भरेशमी साड्या आहेत, त्या बाहेर यायला अशी निमित्तं किती मिळतात? राणी कलर आला तर येऊ दे.

कासारीणबाई हळदीच्या आदल्या संध्याकाळी येणार आहेत. हिरवा चुडा त्याच भरणार. मुंडावळ्या मोत्याच्या आणून ठेवल्यात तुळशीबागेतून, शिवाय फुलांच्याही सांगितल्यात. गजरे सकाळी सहाला हवेत, त्याआधी आणून फ्रीजमध्ये कोंबायचे नाहीत.

विहीणबाईंचा आत्ताच फोन होता. त्यांच्याकडे कन्यादान झालं की मुलगी सासरचा शालू नेसून होमाला बसते. हे आजवर कुणी बोललंच नव्हतं. शालू बनारसी, लाल. बदलायला एक खोली, नेसवायला दोन बायका, केसांतलं काही न हलवता. ब्लाउज पुढे बटणांचं करून घ्यावं लागेल, डोक्यावरून काढायचं नाही. लगेच गुरुजींना फोन केला, मध्ये पंधरा मिनिटं मिळतील का म्हणून. ते म्हणाले, "तुम्ही पंधरा म्हणालात म्हणजे मी चाळीस धरतो. पहिली पंगत तेवढ्यात बसवून टाका."

उद्या सकाळी आचाऱ्याला सांगायचं, पानं एकऐवजी सव्वाला घ्या.