आमची वाटचाल : उशीर कुणाच्या नावावर?

बांधकामाला झालेला उशीर कुणामुळे झाला हे नोंदींवरून ठरवणाऱ्या आमच्या फर्मचे पहिले ऑफिस कराडमध्ये एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत होते. पुण्यात अकरा वर्षे प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून नोकरी केल्यावर २००९ साली मी ती खोली भाड्याने घेतली आणि टेंडरला जोडायचे बार चार्ट, म्हणजे कोणते काम कधी सुरू होऊन कधी संपेल हे पट्ट्यांनी दाखवणारी वेळापत्रके, करून देऊ लागलो. एका चार्टचे दीड हजार रुपये मिळत. ठेकेदाराला तो चार्ट टेंडरच्या लिफाफ्यात घालण्यापुरताच हवा असे आणि काम सुरू झाल्यावर तो कुणी साइटच्या पत्र्याच्या शेडमध्येही लावत नसे. कुणी वाचणार नाही हे ठाऊक असलेले वेळापत्रक मन लावून करत राहणे हा काही फार अभिमानाचा धंदा नव्हे, पण त्यावर तीन वर्षे घर चालले.

२०१२ च्या जुलै महिन्यात एक ज्येष्ठ ठेकेदार, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरलेले कागद घेऊन आले आणि त्यांनी ते पोते माझ्या टेबलावर उपडे केले. त्यांनी एका संस्थेच्या वसतिगृहाची इमारत पंधरा महिन्यांत बांधून द्यायची होती, प्रत्यक्षात २५४ दिवस उशीर झाला होता, आणि मालक संस्थेने अंतिम बिलातून कराराच्या रकमेच्या दहा टक्के, म्हणजे दंडाची कमाल मर्यादा होती तेवढी पूर्ण रक्कम, कापून घेतली होती. अण्णांचे म्हणणे सरळ होते : उशीर सगळा मालकाचा. मालकाचे पत्रही तितकेच सरळ होते : उशीर सगळा ठेकेदाराचा. दोघांनी मिळून ६२ पत्रे लिहिली होती आणि त्यांतल्या एकाही पत्रात अमुक तारखेला अमुक काम अमुक कारणाने अडले असे वाक्य नव्हते.

त्या पोत्यातून कामाची खरी हकिगत काढायला मला दोन महिने लागले. साइट डायरी अर्धीच होती आणि तीही एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी दिसत होती, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवता येत नव्हती. शेवटी उपयोगी पडले ते काँक्रीटच्या क्यूब चाचणीचे रजिस्टर. प्रत्येक काँक्रीटच्या वेळी साच्यात क्यूब भरतात, त्यांवर तारीख आणि जागा रंगवतात, आणि सात व अठ्ठावीस दिवसांनी ते प्रयोगशाळेत फोडून ताकद नोंदवतात. हे रजिस्टर उशिराच्या भांडणासाठी कुणी लिहीत नाही, म्हणूनच ते सहसा खोटे नसते. कोणती फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) कोणत्या दिवशी भरली, कोणता स्लॅब कधी पडला, हे त्यातून तारीखवार मिळाले. वाळू-खडीची चलने आणि वॉचमनची आवक-जावक वही त्याला जोडल्यावर कामाचा प्रत्यक्ष क्रम कागदावर उभा राहिला.

आता पायाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या भागातील निम्मी भांडणे याच जागी जन्म घेतात. मूळ वेळापत्रकाप्रमाणे २ मार्च ते ३१ मे या नव्वद दिवसांत फुटिंग आणि प्लिंथ (जोते) पूर्ण व्हायची होती, म्हणजे मृगाचा पाऊस पडण्याआधी काम जमिनीच्या वर आलेले असते. खोदाईत पूर्वेला दीड मीटरवर कठीण खडक लागला आणि पश्चिमेला तीन मीटरपर्यंत काळी मातीच निघाली, तेव्हा मालकाच्या स्ट्रक्चरल सल्लागाराने पायाचे नकाशे बदलायला घेतले. सुधारित नकाशे १८ एप्रिलला साइटवर आले. मालकाच्या मते हा उशीर फार तर ४७ दिवसांचा. पण नव्वद दिवसांचे काम १८ एप्रिलला सुरू केले तर ते जुलैच्या मध्याला संपते, आणि काळ्या मातीतले उघडे खड्डे जुलैत कसे दिसतात हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे सांगावे लागत नाही. १० जूनला खड्डे पाण्याने भरले, बाजू ढासळल्या, आणि काम पुन्हा सुरू झाले ते १० ऑक्टोबरला.

इथे अण्णांना न आवडणारी बाब वॉचमनच्या वहीत सापडली. नकाशांची वाट पाहताना त्यांनी पोकलेन (खोदाईचे यंत्र) आणि गँग दुसऱ्या साइटवर हलवली होती, ज्यात गैर काही नव्हते, कारण उभ्या यंत्राचे भाडे कुणी भरत नाही. परंतु नकाशे १८ एप्रिलला आले तरी पोकलेन परत फाटकातून आत आला तो १२ मे रोजी, म्हणजे चोवीस दिवसांनी. ते वेळेवर परतले असते तर पावसाआधी ५३ दिवसांचे काम झाले असते, उरलेले ३७ दिवसांचे काम ऑक्टोबरपासून करून प्लिंथ १६ नोव्हेंबरला संपली असती. प्रत्यक्षात पावसाआधी २९ दिवसांचेच काम झाले आणि प्लिंथ १० डिसेंबरला संपली. म्हणून ३१ मे ते १६ नोव्हेंबर हे १६९ दिवस मालकाच्या खात्यावर, कारण त्याच्या ४७ दिवसांच्या उशिरानेच काम पावसाळ्यात ढकलले गेले, आणि पुढचे २४ दिवस अण्णांच्या. करारात ‘मुदत पावसाळ्यासह’ असे लिहिले आहे, असा मालकाचा आक्षेप होता. पण त्या शब्दांचा अर्थ एवढाच की ठेकेदाराने पावसाळा गृहीत धरून आखणी करावी, आणि त्याने ती केलीही होती. दुसऱ्याच्या चुकीने पाया पावसाळ्यात जाईल हे गृहीत धरण्याची जबाबदारी त्या शब्दांत येत नाही.

पुढचा हिशेब लवकर आटोपतो. सेंटरिंगच्या, म्हणजे ओल्या स्लॅबला खालून आधार देणाऱ्या, प्लेटा आणि जॅक अपुरे असल्याने दोन स्लॅब मिळून ३८ दिवस गेले, ते अण्णांचे, म्हणजे आधीचे २४ धरून त्यांचे बासष्ट. शेवटी २३ दिवस फरशीचे काम अडले. मालकाने फरशीचा नमुना मंजूर केला नव्हता हे खरे, पण फरशी बसवणारी राजस्थानी गँग दिवाळीसाठी आधीच गावी गेली होती, त्यामुळे नमुना मंजूर असता तरी एक लादी बसली नसती. दोघांची कारणे एकाच वेळी काम अडवत असतील तर सर्वसाधारण रीत अशी की ठेकेदाराला मुदत मिळते, म्हणून दंड बसत नाही, पण वाढीव खर्चही मिळत नाही. आणि ज्या तक्रारीवर अण्णांनी सर्वाधिक पत्रे लिहिली होती, ती पाण्याच्या टाकीच्या नकाशाला साठ दिवस उशीर झाल्याची, तिचे वजन शून्य भरले, कारण टाकीच्या कामाला त्याहून अधिक सवड होती आणि तिच्यावाचून इमारतीचे कोणतेच काम थांबले नव्हते.

“पैसे मी देतोय, आणि माझ्याच नावावर बासष्ट दिवस?” अहवाल वाचून अण्णांनी विचारले. मी म्हटले, “अण्णा, हे बासष्ट आपण लिहिले नाहीत तर ते १६९ कुणी मान्य करणार नाही.” आठवडाभर त्यांचा फोन आला नाही. मग ते स्वतःच तो अहवाल आणि क्यूबचे रजिस्टर घेऊन संस्थेच्या इंजिनिअरकडे गेले, आणि चार बैठकांत प्रकरण मिटले. दंड बासष्ट दिवसांचा राहिला, बाकीची रक्कम परत मिळाली, आणि १६९ दिवसांच्या साइटखर्चापोटी त्यांनी मागितले त्याच्या निम्म्याहून थोडे कमी हाती आले. त्यांच्या शब्दावर पुढच्या वर्षभरात सात ठेकेदार आमच्याकडे आले, आणि बार चार्टचा धंदा आम्ही बंद केला.

या कामाचे हत्यार म्हणजे क्रिटिकल पाथ, अर्थात एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची अशी साखळी की तिच्यातील कडी एक दिवस अडली तर प्रकल्प एक दिवस लांबतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी ही पद्धत घडली ती पुढचे आखण्यासाठी. आम्ही मात्र ती बहुधा शवविच्छेदनाला वापरतो. त्या शवविच्छेदनाच्या अनेक रीती आहेत, आणि रीत बदलली की उत्तर बदलते, हे आम्ही २०१५ साली स्वतःची फजिती करून घेऊन शिकलो. एका लवादात आम्ही मूळ वेळापत्रक घेतले, त्यात मालकाची विलंबकारणे एकेक करून घातली, शेवटची तारीख १४० दिवस पुढे गेली आणि तोच आकडा सादर केला. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला : या चार्टमध्ये ठेकेदाराचा स्वतःचा एकही दिवस का दिसत नाही? उत्तर असे होते की त्या रीतीत तो दिसूच शकत नाही, कारण तिच्यात प्रत्यक्ष काय घडले ते येतच नाही. लवादाने अहवाल बाजूला ठेवला. त्यानंतर आम्ही कामाचा काळ महिन्या-दोन महिन्यांच्या टप्प्यांत तोडतो आणि प्रत्येक टप्प्यात त्या वेळची खरी साखळी कोणती होती ते नोंदींवरून ठरवतो. लंडनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेच्या विलंबविषयक प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती २००२ ची आणि दुसरी २०१७ ची. दुसऱ्या आवृत्तीने घडून गेलेल्या विलंबासाठी कोणत्याही एका रीतीला झुकते माप दिलेले नाही, रीत उपलब्ध नोंदी पाहून निवडावी असे म्हटले आहे, आणि ते आम्हाला अनुभवाने पटले आहे.

सरकारी कामांत वेगळाच पेच असतो. मुदतवाढ मिळते, पण अर्जासोबत ‘भाववाढ व नुकसानभरपाई मागणार नाही’ असे हमीपत्र घेतले जाते, आणि बिल अडकलेला ठेकेदार ते न वाचता सही करून देतो. करार कायदा १८७२ चा, आणि त्याच्या कलम ५५ मध्ये म्हटले आहे की उशिरा केलेले काम स्वीकारताना भरपाईची सूचना दिली नसेल तर नंतर ती मागता येत नाही. ही सूचना मुदतवाढ देताना विभाग विसरत नाही, मालकाच्या उशिराबद्दल ठेकेदार मात्र हमखास विसरतो. ठेकेदारांच्या बैठकांत मी नाशिक डाव्या कालव्यावरील आळंदी नदीच्या जलसेतूचा खटला नेहमी सांगतो. १९५५ चे ते काम बारा महिन्यांत संपले नाही म्हणून शासनाने करार रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली निकाल दिला की ज्या करारात मुदतवाढीची आणि दिवसागणिक दंडाची तरतूद आहे, त्यात वेळ हा कराराचा गाभा मानता येत नाही आणि तो असा रद्द करणे चूक होते. ठेकेदार हे ऐकून खूश होतात. मग मी त्यांना खटल्याच्या दोन तारखा, १९५५ आणि १९७९, पुन्हा वाचायला सांगतो.

२०२० साली आमच्याकडे जो येई तो कोविडचे नाव घेऊन येई. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली, मजूर पायी गावी गेले, कामे थांबली, याबद्दल वाद नव्हताच. वाद होता तो त्या आधीच आठ-आठ महिने मागे पडलेल्या कामांचा, ज्यांना आपला जुना उशीर त्या महामारीत धुऊन घ्यायचा होता. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या मे २०२० च्या परिपत्रकाने तीन ते सहा महिन्यांची मुदतवाढ दिली, पण १९ फेब्रुवारी २०२० रोजी जो पक्ष कसुरीत नव्हता त्यालाच. त्यामुळे त्या एका तारखेला काम कुठवर आले होते, हेच ठरवण्यात आमचे दीड वर्ष गेले. त्या काळात आम्ही दोन अशिलांना नकार दिला, आणि त्यांपैकी एक अजूनही लग्नसमारंभात समोर आले की मान वळवतात.

आज आम्ही सहा जण आहोत. २०१४ साली आलेल्या आमच्या सहकारी इंजिनिअर मॅडमनी घालून दिलेला नियम असा की अशिलाची तक्रार ऐकण्यापूर्वी त्याच्या नोंदी तारखेप्रमाणे लावायच्या, कारण एकदा तक्रार ऐकली की नोंदीही तिच्याच बाजूने बोलू लागतात. गेली सहा वर्षे आम्ही भांडणाची वाट न पाहता काम सुरू होतानाच ठेकेदाराला छापील अडथळा-नोंदवही देतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागात असे रजिस्टर जुनेच आहे, आम्ही त्यात फक्त ‘त्या वेळी दुसरे कोणते काम करता आले असते’ असा एक रकाना वाढवला. बहुतेक वह्या पहिल्या महिन्यानंतर कोऱ्याच परत येतात. गेल्या मार्चमध्ये मात्र सांगलीकडच्या एका साइटवरून एका तरुण सुपरवायझरची वही आली, तिच्यात एका पानावर लिहिले होते : “पोकलेन आला. नकाशा नाही. पोकलेन उभा. ड्रायव्हर झाडाखाली झोपला. दुसरे काम : नाही, सगळी खोदाई त्याच नकाशावर आहे.” खाली मालकाच्या इंजिनिअरची सही होती, आणि सहीशेजारी त्यांनी स्वतःच्या हाताने वेळ टाकली होती, सकाळी ११.४०.