बटण गेलंय

दुपारी आईचा फोन. "अरे, बटण गेलंय. येताना घेऊन ये." एवढं बोलून ठेवूनही दिला.

मी सदर बझारात राहतो, आई-अण्णा मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात. पोवई नाक्याजवळ इलेक्ट्रिकच्या दुकानातून सहा अँपिअरचा पांढराशुभ्र स्विच घेतला, लगे हात टेस्टरही घेतला आणि मोठ्या कर्तव्यभावनेनं घर गाठलं. आईनं स्विच उलटसुलट करून पाहिला. "हे अण्णांच्या सदऱ्याला लावू होय?"

आता यात माझी काय चूक? आपल्याकडे पंख्याचं बटण, मिक्सरचं बटण, आजोबांचा बटणाचा मोबाईल, हॉटेलात बटण मशरूम. लहान पोराच्या झबल्याला टिचबटण. गावी काकांकडे तर बटण म्हणजे विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर. रात्री दोनला लाइट आली की कुणीतरी बॅटरी घेऊन उसातून जायचं आणि हिरवं बटण दाबून यायचं. तांबडं दाबायला परत पहाटेची एक खेप.

इंग्रजांचं बरं आहे. त्यांचा हा शब्द आला जुन्या फ्रेंचमधून आणि तिथं त्याचा अर्थ होता कळी. त्याच्याही मुळाशी 'ढकलणे' हे क्रियापद. फांदीतून बाहेर ढकलून येते ती कळी, कापडाच्या फटीतून ढकलायचं ते बटण आणि बोटानं आत ढकलायचं तेही बटणच. एका शब्दात सगळं भागलं. आपल्याकडे मात्र खाती वेगळी होती. कापडाला गुंडी, यंत्राला कळ नाहीतर खटका. बटण आलं आणि त्यानं तिघांनाही घराबाहेर काढलं. गुंडी कोपरीबरोबर गेली. कळ कळफलकापुरती कागदोपत्री उरली. एरवी ती लावायची असते, दोन जावांमध्ये. आणि खटका? तो उडतो, बहुधा त्याच कळीमुळे.

त्याआधी बटणावाचून कुणाचं अडत होतं असंही नाही. बाराबंदीला बारा बंद असत, गाठी मारल्या की झालं. बटण ज्यातून जातं ते काजसुद्धा बाहेरचंच. पोर्तुगीजांचा 'कासा', म्हणजे घर. म्हणजे इंग्रज येऊन पोर्तुगिजाच्या घरात बसला आणि दोघं मिळून आमच्या अण्णांच्या छातीवर!

मतदानातही आता शिक्का जाऊन बटण आलंय. 2013 पासून तर कुणीच पसंत नसेल त्यालाही 'नोटा'चं स्वतंत्र बटण आहे. अण्णा तरीही विचारतात, "यंदा शिक्का कुणाला?"

तर अण्णांचा सदरा. त्यांच्या लग्नातली सोन्याची बटणं, साखळीत ओवलेली, अजून कपाटात आहेत. त्या सदऱ्याला दोन्हीकडून काजं असायची, बटणं धुण्याआधी काढून ठेवायची. रोजच्या सदऱ्याला मात्र चार भोकांची प्लॅस्टिकची, आणि त्यातलं गळ्याजवळचं नेमकं गेलं होतं.

आईनं बटणांचा डबा जमिनीवर पालथा केला. शाळेच्या गणवेशाची, माझ्या पहिल्या सफारीची, कुठल्याशा स्वेटरची लाकडी. शंभर तरी असतील, जोडीला जोड एकाची नाही. शेवटी तिनं सदऱ्याचं सगळ्यात खालचं बटण उसवून वर आणलं आणि खाली एक निळसर लावलं. "तिथं कोण बघतंय?" दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून सुई ओवली. बटणाखाली आगपेटीची काडी आडवी धरून टाके घातले, काडी ओढून काढली, मोकळ्या दोऱ्याला तीन वेढे दिले आणि दातानं दोरा तोडला. अण्णा अंगावरच शिव म्हणत होते, घाई होती त्यांना. पण अंगावरचं शिवू नये म्हणून तिनं त्यांना तेवढा वेळ बनियनवर बसवून ठेवलं होतं.

मग पसारा ओंजळीनं डब्यात भरला. माझा स्विच तिथंच पडला होता. तोही उचलून तिनं बटणांत टाकला आणि झाकण लावलं.

"असू दे. लागतं कधीतरी."