ऑस्प्रे: सगळं दुखणं नॅसेलमध्ये

व्ही-22 ऑस्प्रे म्हणजे हेलिकॉप्टरसारखं उभं उडून मग विमानासारखं पुढे जाणारं अमेरिकी लष्करी विमान. त्याचा विषय निघाला की लोकांना आधी आठवतं ते उडता उडता रोटर आडवे होणं. हेलिकॉप्टरचं विमान होताना काही बिघडलं तर? प्रश्न रास्त आहे, पण ऑस्प्रेचे गाजलेले अपघात नॅसेल फिरवणारी यंत्रणा अडकल्याने झालेले नाहीत. रोग आहे तो त्या नॅसेलच्या पोटात.

नॅसेल म्हणजे पंखाच्या टोकाला बसवलेला, 0 ते 97.5 अंशांत फिरणारा डबा. त्यात 6,150 अश्वशक्तीचं एई 1107सी इंजिन, रोटर फिरवणारा प्रोपरोटर गिअरबॉक्स, त्याच्या मागे टिल्ट-अ‍ॅक्सिस गिअरबॉक्स, वाळू वेगळी करणारा पंखा, एक्झॉस्ट थंड करणारा सप्रेसर आणि या सगळ्यांमधून वाट काढणारे हायड्रॉलिक पाईप व वायरिंगचे जुडगे. हे सगळं हादरतं, तापतं आणि दर उड्डाणात उभ्याचं आडवं होतं. सीव्ही-22 च्या (हवाई दलाच्या ऑस्प्रेच्या) दुरुस्तीतले सुमारे 60 टक्के मनुष्यतास एकट्या नॅसेलवर जातात. नॅसेल उभी असताना विमानाची उंची 6.7 मीटर भरते, म्हणजे मेकॅनिकला वर चढून, उन्हात तापलेल्या पत्र्याआड हात घालून काम करावं लागतं.

हायड्रॉलिकचा, म्हणजे विमानाचे भाग हलवणाऱ्या तेलाचा, दाब 5,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). जुन्या विमानांत तो साधारण 3,000 असे. दाब वाढवला की पाईप आणि अ‍ॅक्च्युएटर (तेलाच्या दाबाने भाग हलवणारे दट्टे) लहान होतात, वजन वाचतं. मात्र पातळ टायटॅनियमच्या पाईपवर शेजारचा वायरिंगचा जुडगा घासत राहिला तर पाईप झिजून फुटतो. 11 डिसेंबर 2000 ला नॉर्थ कॅरोलिनात नेमकं हेच झालं. पाईप फुटला, वैमानिकांनी रीतसर उड्डाण-नियंत्रणाच्या रीसेटचं बटण दाबलं, आणि सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे दर दाबागणिक विमान आणखी बेताल होत गेलं. चौघे गेले. तेव्हापासून नॅसेल उघडली की पाईप आणि वायरिंग यांच्यात मोकळी जागा आहे का, क्लॅम्प जागेवर आहेत का, हे आधी पाहायचं. गळती नंतर दिसते, घासल्याची खूण आधी.

युद्धभूमीवरची पहिली परीक्षा झाली इराकमध्ये. ऑक्टोबर 2007 ते एप्रिल 2009 या काळात अल असद तळावर अमेरिकेच्या मरीन कोअरची (समुद्रमार्गे उतरून लढणाऱ्या सैन्याची) तीन स्क्वॉड्रन पाळीपाळीने होती. मोहिमेला सज्ज असण्याचं प्रमाण किमान 82 टक्के हवं होतं. प्रत्यक्षात ते सरासरी 68, 57 आणि 61 निघालं. तेही तुलनेने शांत भागात. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने 2009 च्या अहवालात जो तपशील दिला तो मला या टक्क्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. सुट्या भागांचा जो खोळंबा झाला त्यातला निम्म्याहून जास्त केवळ 13 भागांमुळे होता. हे भाग सरासरीने अपेक्षित आयुष्याच्या 30 टक्केही टिकले नाहीत. त्यांतल्या सहांनी तर 10 टक्केही गाठले नाहीत. गोदामात किती भाग ठेवायचे हे त्याच अपेक्षित आयुष्यावरून ठरलेलं, त्यामुळे मुळातला हिशेबच चुकला. मग काय, एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा. यात काम दुप्पट होतं: एकदा काढणं, एकदा बसवणं, आणि भाग उपटलेलं विमान पुन्हा जोडणं वेगळंच.

इंजिनाचंही तेच. पंखावर 500 तास टिकायला हवं होतं, इराकमध्ये ते 400 तासांच्या आतच उतरवावं लागत होतं. कारण वाळू. ऑस्प्रेचे रोटर त्याच्या वजनाच्या मानाने लहान, 38 फूट व्यासाचे, त्यामुळे खाली फेकला जाणारा झोत जोरदार असतो. उतरताना उठलेला धुरळा इंजिनच पुन्हा ओढून घेतं. जाड वाळू कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा खाते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकाचे बारीक कण पुढे टर्बाइनपर्यंत पोहोचतात, तिथल्या उष्णतेत वितळतात आणि पात्यांवर काचेसारखे चिकटतात. मग हवेची वाट अरुंद होते आणि कॉम्प्रेसर स्टॉल होतो, म्हणजे हवेचा प्रवाह विस्कटून इंजिनाचा जोर जातो. मे 2015 मध्ये हवाईत बेलोज येथे धुरळ्यात पुन्हा पुन्हा उतरण्याचा प्रयत्न करणारं विमान असंच कोसळलं. कॉम्प्रेसर धुऊन झीज भरून येत नाही. धुरळ्यात घालवलेले सेकंद कमी करणं हाच खरा उपाय, आणि तो मेकॅनिकच्या हातात नसतो.

वाळू वेगळी करणारा पंखा हायड्रॉलिकवर चालतो. तो गळला तर तेल थेट तापल्या भागांवर पडतं. 2007 मध्ये नॅसेलला लागलेल्या आगीचं हे कारण. वाळूपासून वाचवणाऱ्या भागानेच आग लावावी, याला काय म्हणावं?

गोळ्या झेलण्याच्या बाबतीत मात्र ऑस्प्रेला नावं ठेवता येत नाहीत. डिसेंबर 2013 मध्ये दक्षिण सुदानमधल्या बोर येथे तीन सीव्ही-22 ना मिळून 119 गोळ्या लागल्या. इंधन आणि हायड्रॉलिक गळत असूनही तिन्ही विमानं युगांडातल्या एंटेबेपर्यंत पोहोचली. जिथे दोन-तीन वाटा आहेत तिथे हे यंत्र चिवट आहे. जिथे एकच वाट आहे, म्हणजे गिअरबॉक्समध्ये, तिथे त्याची प्रकृती तोळामासा.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक स्प्रॅग क्लच असतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एकाच दिशेने पकडणारा. तो झिजला की क्षणभर घसरतो, सगळा भार पंखातून जाणाऱ्या शाफ्टवाटे दुसऱ्या इंजिनावर जातो, आणि मग क्लच झटक्याने पुन्हा पकडतो. हा झटका शाफ्ट आणि गिअर तोडू शकतो. जून 2022 मध्ये कॅलिफोर्नियात ग्लॅमिसजवळ तेच होऊन पाच मरीन गेले. फेब्रुवारी 2023 पासून ज्या जोडणीत हा क्लच बसतो ती 800 तास भरले की बदलायची, चांगली दिसत असली तरी.

पुढचा घाव गिअरवरच. तेलात चुंबकी डिटेक्टर असतो. धातूचा कण दोन टोकांमध्ये अडकला की सर्किट पूर्ण होतं आणि विजेचा छोटा झटका तो कण जाळतो. जळला तर फक्त सूचना येते, नाही जळला तर इशारा. अडचण अशी की बारीक कचरा नेहमीच्या झिजेतूनही येतो, त्यामुळे सूचनांची सवय होते. नोव्हेंबर 2023 मध्ये जपानच्या याकुशिमाजवळ पाच सूचना आल्या, सहाव्या वेळी कण जळला नाही आणि इशारा आला. उतरण्याच्या बेतात असताना डाव्या गिअरबॉक्समधला तडा गेलेला पिनियन (छोटा गिअर) तुटला. आठही जण गेले. एक सूचना आली म्हणजे घाबरायचं नाही, पण लागोपाठ येऊ लागल्या की मोजत बसायचं नाही.

सज्जतेच्या टक्क्यांबद्दल सांगायचं तर 2001 मध्ये ऑस्प्रेच्या प्रशिक्षण स्क्वॉड्रनच्या प्रमुखाला दुरुस्तीच्या नोंदी खोट्या करायला सांगितल्यावरून हटवलं होतं, आणि 2013 मध्ये पेंटागॉनच्या महानिरीक्षकांनाही नोंदींत चुका सापडल्या. हे आकडे चार हात लांबूनच पाहावेत.

सीव्ही-22 च्या नॅसेल सुधारणेत सुमारे 1,300 भाग नव्याने आखले आहेत, बराच भर वायरिंग आणि झाकणं सोपी करण्यावर. गिअरसाठी तीनदा वितळवून शुद्ध केलेलं पोलाद येतंय, कारण तडे सुरू होतात ते धातूतल्या अशुद्ध कणांपासून. याकुशिमाच्या अपघातानंतर लागलेली उड्डाणबंदी मार्च 2024 मध्ये उठली तेव्हा उतरण्याजोग्या धावपट्टीपासून 30 मिनिटांच्या आत राहण्याची अट घातली गेली. भर समुद्रातल्या विमानवाहू नौकेला सामान पोहोचवणाऱ्या सीएमव्ही-22 ला ती पाळून काम करणं अशक्यच. शेवटी नौदलाने निवृत्तीच्या वाटेवरच्या सी-2 ग्रेहाउंड या जुन्या मालवाहू विमानांनाच पुन्हा जुंपलं.