एसडब्ल्यूआर छान दिसतोय? मग केबल नक्की तपासा

हॅम (हौशी) रेडिओ चालवत असाल तर परतीचा पाऊस थांबला की गच्चीवर चढून फीडलाइन, म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल, तपासायलाच हवी. मुंबईत चार महिने पावसाचा मारा असतो आणि खारा वारा तर बारा महिने. त्यात अँटेना सहसा तगतो. आधी जातो तो त्याच्या बुडाशी असलेला कनेक्टर आणि त्याखालची हात-दोन हात केबल.

अडचण अशी की शॅकमधला, म्हणजे खाली रेडिओच्या खोलीतला, एसडब्ल्यूआर मीटर हे सांगत नाही. अँटेनाकडून किती पॉवर परत येतेय ते एसडब्ल्यूआर दाखवतो; १ म्हणजे काहीच परत येत नाही. मीटरवर १.३ दिसला की आपण निर्धास्त होतो, पण मीटर पाठवलेल्या पॉवरशी ताडतो ती फक्त त्याच्यापर्यंत परत आलेली पॉवर. केबलमध्ये पाणी शिरलं की जाताना पॉवर वाटेत जिरते आणि अँटेनाकडून परतताना पुन्हा जिरते. समजा केबलचा लॉस ६ डीबी (डेसिबल; म्हणजे पाव पॉवरच पार जाते) आहे आणि वर अँटेनाचा खरा एसडब्ल्यूआर ३ आहे. शॅकमध्ये तो १.३ च्या आसपासच दिसेल. रिगमधून (रेडिओ सेटमधून) निघालेल्या २५ वॉटपैकी वर पोचतात जेमतेम सहा, आणि रिसीव्ह करतानाही तेवढाच तोटा. म्हणून काहीही न करता गेल्या वर्षीपेक्षा एसडब्ल्यूआर सुधारला असेल, किंवा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ हॅम बँडच्या बरंच बाहेर गेलं तरी ग्राफ सपाटच राहत असेल, तर आधी केबलवर संशय घ्या.

खात्री करणं सोपं आहे. वर अँटेना सोडवा आणि केबलचं ते टोक उघडंच ठेवा. केबलवर स्थिर विद्युतभार साचलेला असू शकतो, त्यामुळे खालच्या टोकाला मधली तार आणि जाळी क्षणभर एकमेकींना टेकवा, मगच नॅनोव्हीएनए (केबल-अँटेना तपासायचं छोटं यंत्र) जोडा. कॅलिब्रेशन ज्या बँडवर मोजायचं त्याच बँडवर करा. आता जो रिटर्न लॉस (परत येणारा सिग्नल किती डीबीने घटला) दिसेल त्याचा निम्मा म्हणजे केबलचा एकेरी लॉस. उघड्या टोकाला रिटर्न लॉस १२ डीबी आला, म्हणजे एसडब्ल्यूआर १.७ च्या जवळपास, तर केबल ६ डीबी खातेय. चांगल्या केबलला टोक उघडं असताना एसडब्ल्यूआर भरपूर वाईटच दिसायला हवा.

हा आकडा कशाशी ताडायचा? १४५ मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-२१३ केबलचा लॉस अडीच ते तीन डीबी, एलएमआर-४०० चा साधारण दीड. आरजी-५८ मात्र नवीकोरी असली तरी सहाच्या घरात जाते! सात-आठ मजले खाली यायचं असेल तर व्हीएचएफला ती लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झला) तीच केबल चालून जाते.

मल्टिमीटरही कामाचा आहे. वरचं टोक उघडं असताना मधली तार आणि जाळी यांच्यात काहीच रीडिंग येता कामा नये. काही शे किलोओहम दिसले तर आत ओल आहे. वरचं टोक शॉर्ट केल्यावर फार तर एक-दोन ओहम यावेत, आणि कनेक्टर हलवताना आकडा नाचला तर सोल्डर सुटलंय. अँटेना जोडलेला ठेवून ही तपासणी करू नका. जे-पोल, फोल्डेड डायपोल असे अँटेना डीसीला शॉर्टच दिसतात.

दोष नेमका किती मीटरवर आहे ते नॅनोव्हीएनएच्या टीडीआरमध्ये (परतणाऱ्या सिग्नलवरून अंतर काढणाऱ्या मोडमध्ये) कळतं, फक्त व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला सिग्नलचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती पट) बरोबर भरा: आरजी-५८, आरजी-२१३ ला ०.६६, एलएमआर-४०० ला ०.८५. मग वरच्या कनेक्टरपासून फूटभर केबल कापा आणि बाहेरचं आवरण सोला. जाळी लखलखीत असेल तर ठीक. काळपट किंवा हिरवट असेल तर आणखी फूटभर कापा. जाळीच्या बारीक तारांमधून पाणी बरंच आत ओढलं जातं. दोन-तीन मीटर कापूनही जाळी काळीच निघाली तर ती केबल टाकून द्या. उन्हात वाळवली तरी गंजलेलं तांबं काही परत येत नाही.

नवा कनेक्टर बसवताना लक्षात ठेवा, पीएल-२५९ हा नेहमीचा कनेक्टर मुळात वॉटरप्रूफ नसतो. शक्य असेल तर वर एन-टाइप घ्या, त्यात रबरी गॅस्केट असतं. पीएल-२५९ च घेतलात तर आरजी-५८ साठी सोबत यूजी-१७५ रिड्यूसर (बारीक केबल घट्ट बसवायचा तुकडा) लागतो; लॅमिंग्टन रोडला कनेक्टर घेतानाच तोही मागून घ्या. जाळी सोल्डर करताना छोटं, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न वापरू नका. बॉडी तापायला वेळ लागतो, तोवर आतलं पॉलिथिलीन वितळतं, मधली तार सरकते आणि आतल्या आत शॉर्ट होतो. ८०-१०० वॉटचं सोल्डरिंग आयर्न असेल तर काम झटपट होतं.

सील करताना आधी पीव्हीसी टेपचा एक थर द्या, म्हणजे पुढच्या वर्षी उघडताना चिकटा काढत बसावं लागणार नाही. त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारा) रबर टेप दुप्पट ताणून, निम्मा निम्मा चढवत, खालून वर गुंडाळा. पदर कौलांसारखे एकावर एक येतात आणि पाणी निथळून जातं. रबर टेप उन्हाने तडकतो, म्हणून सगळ्यात वर पुन्हा काळा पीव्हीसी टेप. केबल खिडकीतून आत घेण्याआधी बाहेर एक झोळ सोडा, नाहीतर बाहेरून ओघळणारं पाणी थेट रिगपर्यंत येतं.

सगळं झालं की टोक उघडं ठेवून पुन्हा एकदा रिटर्न लॉस मोजा आणि तो आकडा तारखेसह केबलच्या टॅगवर लिहून ठेवा. पुढच्या ऑक्टोबरला त्याच्याशीच ताडायचं आहे.